नकळत सैतानाच्या पक्षात

कादंबरी पुरेशी काळीकुट्ट असली, तिच्यात नरक, सडकी प्रेतं, भ्रष्ट धर्मगुरू आणि बोलके सैतान असले, की कोणीतरी इंग्रज कवी ब्लेकचा हवाला देतंच. मिल्टनबद्दल त्याच्या नावावर खपणारा तो प्रसिद्ध शेरा: हा कवी आतून सैतानाच्या पक्षाचा होता आणि त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. सव्वादोनशे वर्षांहून जुना हा शेरा हातोहात फिरतो आहे. हल्ली तो ख्रिस्तोफर ब्यूलमनच्या ‘बिट्विन टू फायर्स’च्या वाट्याला येतो, आणि तोही दोन्हीकडून. ज्यांना ती डोक्यावर घ्यायची असते ते शाबासकी म्हणून हा शेरा मारतात. ज्यांना ती श्रद्धेचा अपमान वाटते ते आरोप म्हणून. एकाच शेऱ्याने हारही घालता येतो आणि जोडेही हाणता येतात, तेव्हा एक तर त्या शेऱ्यातच काही गडबड असते किंवा तो कोणी नीट वाचलेला नसतो. मला दुसरं वाटतं.

कादंबरी २०१२ची. काळ १३४८चा, जागा फ्रान्स. प्लेगने गावंच्या गावं ओस पडली आहेत. क्रेसीच्या लढाईनंतर जमीन आणि मान दोन्ही गमावलेला टॉमस नावाचा सरदार दरोडेखोरांच्या टोळीला जाऊन मिळालाय. नॉर्मंडीतल्या एका शेतवाडीवर त्यांना एक मुलगी भेटते. तिचा बाप घरात मरून पडलाय, आणि त्याला पुरायला मदत करा असं ती या शस्त्रधारी गुंडांनाच सांगते. टोळीच्या मनात वेगळंच असतं. टॉमस आपल्याच साथीदारांवर तलवार चालवतो आणि मुलीला घेऊन निघतो. पुढे एक भित्रा, दारूचा शौकीन, पण मायाळू पाद्री सोबतीला येतो. तिघं पॅरिसमार्गे आविन्योंकडे चालत राहतात, कारण मुलीला तिकडे जायचंय. त्यांच्या डोक्यावर आकाशात दुसरंच युद्ध पेटलेलं असतं. देव आता लक्ष देत नाही हे पतित देवदूतांच्या ध्यानात आलंय आणि त्यांनी स्वर्गावर पुन्हा चाल केलीय. नदीतलं अक्राळविक्राळ जनावर, पॅरिसच्या रस्त्यांतून रात्री चालत येणारे दगडी पुतळे, पोपच्या राजवाड्यात शिरलेली सैतानी सत्ता, आणि शेवटाकडे प्रत्यक्ष नरक, असा सगळा ऐवज आहे.

या पुस्तकाचे वाचक ढोबळमानाने तीन तऱ्हेचे. पहिल्यांना राक्षस हवे असतात; ते ‘डार्क’ हा शब्द एखाद्या पदकासारखा लावतात आणि देवाधर्माची पानं भराभर उलटतात. दुसरे श्रद्धाळू. त्यांना शिव्या, ओंगळपणा आणि पवित्र जागांची विटंबना सोसत नाही, आणि ते पुस्तक मध्येच मिटतात. तिसऱ्यांची गोष्ट न्यारी आहे. हे चर्चची पायरी न चढणारे. शेवटच्या पानांवर आपल्याला भरून आलं असं सांगतात, आणि सांगताना ओशाळतात, जणू चोरीच पकडली गेली. पहिले दोघे एकमेकांवर डोळे वटारत असले तरी एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे: काळोख जितका गडद, तितका लेखक देवापासून लांब. तिसऱ्यांच्या ओशाळण्याचं कारणही हेच गृहीत. ते कुठून आलं, हा खरा प्रश्न.

ख्रिस्ती परंपरेतून तर नक्कीच नाही. बायबलातल्या ईयोबाच्या ग्रंथात सैतान देवाच्या दरबारात सरकारी वकिलासारखा हजर असतो आणि परवानगी घेऊन माणसाला छळतो. मध्ययुगीन चर्चच्या दरवाज्यांवर शेवटच्या न्यायाची जी शिल्पं आहेत, त्यांत नरकाच्या बाजूला कारागिरांची करामत अधिक दिसते, आणि ती चर्चनेच घडवून घेतलेली आहेत. दान्तेने नरकापासून सुरुवात केली म्हणून त्याला कोणी नरकवासी म्हटलं नाही. आणि आपल्या मराठीपुरतं बोलायचं तर मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या एक्कावन्न वर्षं आधी, १६१६ साली, गोव्यात राचोलला छापलेल्या थॉमस स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणात देवदूतांचं पतन ओवीत येऊन गेलंय. ते पुराण देवळातल्या पुराणाच्या धर्तीवर चर्चमध्ये वाचलं जाई. ऐकणारा चार माणसांत बसलेला, पुढे क्रूस, शेजारी आई-बाप. लूसिफेर कितीही ऐटीत बोलला तरी आपण कोणाच्या घरात बसून हे ऐकतोय याबद्दल कोणाच्या मनात शंका नसे. लेखक कोणाच्या पक्षाचा, हा प्रश्न पडायला वाचक एकटा असावा लागतो. दार लावून, मनातल्या मनात वाचणारा, लेखकाच्या डोक्यात शिरू पाहणारा वाचक.

असा वाचक १६६७ साली मिल्टनला मिळाला. ड्रायडनने १६९७ मध्ये तक्रार केली की या महाकाव्याचा नायक अॅडम असायला हवा होता, तो सैतान होऊन बसला. पण ही तक्रार महाकाव्याच्या नियमांची होती: जिंकतो कोण, हरतो कोण. अॅडिसनने १७१२ मध्ये उत्तर दिलं की नायक हवाच असेल तर मसीहाला म्हणा. प्रकरण तिथेच मिटलं. अलेक्झांडर पोपने टोमणा मारला की मिल्टनचा देवपिता पाठशाळेतल्या शास्त्र्यासारखा बोलतो. हा पोप कवी, धर्मगुरू नव्हे, जन्माने मात्र कॅथलिक. त्या टोमण्याकडे पुढे फारसं कोणी वळून पाहिलं नाही. माझ्या मते ब्लेककडे जाणारा खरा रस्ता तिथून निघतो, ड्रायडनकडून नाही.

आता ब्लेक. तो शेरा छापलाय कुठे, हे आधी बघायला हवं, कारण उद्धृत करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेलं नसतं. पुस्तकाचं नाव ‘द मॅरेज ऑफ हेवन अँड हेल’. सुरुवात १७९०च्या सुमारास. सत्तावीस ताम्रपट. ब्लेक तांब्याच्या पत्र्यावर आम्लाला दाद न देणाऱ्या द्रवाने अक्षरं आणि चित्रं एकदमच, तीही उलटी, काढायचा. मग आम्लात पत्रा बुडवला की उरलेला भाग खाल्ला जाई आणि अक्षर वर राही. नरकातल्या छापखान्याची त्याने या पुस्तकात जी थट्टा केलीय ती या आम्लाच्या धंद्यावरून. घरीच छापायचं, नवरा-बायकोने रंग भरायचे, आणि प्रती निघाल्या त्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव नाही. चौथ्या ताम्रपटावर ठळक मथळा आहे: सैतानाचा आवाज. मिल्टनबद्दलचा तो शेरा एका टिपेत, या मथळ्यानंतर दोनच ताम्रपटांवर, त्याच ओघात, शेवटी येतो. बोलणारा सैतान आहे. हा कवी आमचाच माणूस, असं सैतान म्हणतोय. ते ब्लेकचं निर्वाळ्याचं मत म्हणून छापणं म्हणजे प्रचारसभेत एका पक्षाच्या प्रवक्त्याने विरोधी पुढाऱ्याबद्दल ‘ते मनाने आमच्यातच आहेत’ म्हटलं, त्याची पक्षांतराची बातमी करण्यासारखं आहे.

एवढ्यावर प्रश्न सुटत नाही हे मलाही कळतं. कोणीही म्हणेल, की ब्लेकचा कल उघडच सैतानाकडे आहे, पुस्तकात देवदूतांची टर उडवलीय, मग मथळ्याची ढाल कशाला पुढे करता? बरोबर. पण या पुस्तकातले देवदूत कोण आणि सैतान कोण, हे ओळखल्याशिवाय कल कळत नाही.

इथे स्वीडनबोर्ग लागतो. स्वीडनचा हा विद्वान खनिजशास्त्र सोडून देवदूतांशी गप्पा मारू लागला आणि १७५८ मध्ये स्वर्ग-नरकाचं शांत, तपशीलवार वर्णन करणारा ग्रंथ त्याने प्रसिद्ध केला. स्वर्गात घरं कशी, कपडे कसे, कारभार कसा. त्याच्या अनुयायांनी लंडनमध्ये नवं चर्च काढलं. एप्रिल १७८९ मध्ये ग्रेट ईस्टचीप भागात त्यांची पहिली परिषद भरली. ब्लेक आणि त्याची बायको कॅथरिन तिला हजर होते आणि ठरावावर दोघांच्या सह्या आहेत. वर्षभरात मन उडालं. ‘मॅरेज’ हे पुस्तक बरंचसं त्या मोहभंगाचं विडंबन आहे. स्वीडनबोर्ग देवदूतांच्या भेटींचे अहवाल लिहितो, तर ब्लेक सैतानांबरोबरच्या भेटींचे लिहितो. म्हणजे त्याचे देवदूत हे स्वर्गातले देवदूत नाहीतच. आपण चांगले आहोत याची खात्री पटलेले, तृप्त, ठराव संमत करणारे ते सभ्य गृहस्थ आहेत. आणि सैतान म्हणजे ज्यांच्यात अजून धग आहे ते.

पुस्तकाच्या शेवटाकडचा प्रसंग बघा. ज्वाळेतून एक सैतान उठतो आणि ढगावर बसलेल्या देवदूताशी वाद घालतो. सैतानाचं म्हणणं असं, की देवाची पूजा म्हणजे माणसामाणसांत त्याने जे दिलंय त्याचा मान राखणं. थोर माणसाचा मत्सर करणारा देवाचाच द्वेष करतो. हे ऐकून देवदूत निळा पडतो, मग स्वतःला सावरत पिवळा होतो, मग पांढरा, मग गुलाबी, आणि अखेर हसून दहा आज्ञांचं काय असं विचारतो. सैतान एकेक आज्ञा घेतो आणि येशूने ती कशी मोडली ते दाखवतो: शब्बाथ, व्यभिचारी ठरवलेल्या बाईची सुटका, पिलातापुढे साक्ष न देणं. येशू सगळा सद्गुणच होता, पण तो नियमाने वागला नाही, आतल्या ऊर्मीने वागला. देवदूत हात पसरून ज्वाळेला मिठी मारतो, जळतो, आणि नव्याने उठतो. तो आता सैतान झालाय, असं निवेदक सांगतो. माझा खास मित्र आहे. आणि आम्ही दोघं नेहमी एकत्र बसून वाचतो. काय वाचतात? बायबल. सैतानी अर्थाने का होईना, पण बायबलच.

आजच्या काळ्या कादंबऱ्यांना सैतानाच्या पक्षाची सनद वाटणाऱ्यांनी हे एवढं पान वाचलं तरी पुरे. ब्लेकच्या सैतानाचा सगळ्यात मोठा पुरावा येशू आहे. त्याचा पक्ष देवाविरुद्धचा असता तर त्याने साक्षीदार म्हणून येशूला उभं केलं नसतं.

आता टिपेच्या लगतचा मजकूर. मिल्टनचा उल्लेख येतो तो एका तक्रारीच्या ओघात. मिल्टनने त्रिमूर्ती कशी रंगवली ते सैतान सांगतो: पिता म्हणजे निव्वळ नियती, पुत्र म्हणजे पंचेंद्रियांनी मोजता येईल एवढीच बुद्धी, आणि पवित्र आत्मा म्हणजे पोकळी. हे झाल्यावर ती टीप येते: देवाबद्दल लिहिताना मिल्टनचे हात बांधलेले होते, नरकाबद्दल लिहिताना मोकळे. म्हणजे तक्रार काय आहे? सैतान फार देखणा उतरला ही मुळीच नाही. देव उतरलाच नाही, ही आहे. पवित्र आत्म्याच्या जागी पोकळी आहे म्हणून हळहळणारा माणूस नास्तिक कसा असेल? नास्तिकाला ती पोकळीच अपेक्षित असते. रुसलाय तो भक्त आहे, ज्याला घरातला मोठा माणूस त्या चित्रात दिसत नाही.

आणि मिल्टन समोर ठेवून वाचलं तर ही तक्रार चोख आहे. पहिल्या सर्गात सैतान पेटत्या तळ्यातून उठतो तेव्हा त्याची ढाल, भाला, काठाकडे टाकलेली अवघड पावलं, पडलेल्या साथीदारांकडे बघताना दाटलेला गळा, सगळं अंगावर येतं. तिसऱ्या सर्गात देव बोलतो, आणि त्याचं पहिलंच मोठं भाषण हा बचावाचा युक्तिवाद असतो: माणूस पडणार हे मला आधी माहीत आहे, पण माहीत असण्याने ते घडतं असं नाही, दोष त्याचा. ज्याच्यावर अजून कोणी आरोप केलेला नाही तो सर्वशक्तिमान आधीच खुलासे देतोय. पोपचा शास्त्री तो हाच. मिल्टनची श्रद्धा कमी होती म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. देवाच्या तोंडी एकही चुकीचं वाक्य जाऊ नये या धास्तीने झालं. लेखक जिथे चुकायला घाबरतो तिथे वाक्य मरतं, हे लिहिणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं.

ब्लेक स्वतः पुढे काय करत राहिला? ‘मिल्टन’ नावाचंच काव्य. त्यात मेलेला मिल्टन स्वर्गातली जागा सोडून पुन्हा खाली येतो आणि त्याची गाठ सैतानाशी पडते. हा सैतान म्हणजे त्याचाच अहंकार आहे, आणि मिल्टनला तो टाकायचाय. सैतानाच्या पक्षाचा झेंडा मिरवणारा कवी असलं काव्य लिहीत नाही. मग ईयोबाची एकवीस ताम्रचित्रं, १८२६ मधली. मग दान्तेची चित्रं, १८२७ मध्ये मरेपर्यंत. म्हातारपणी हा माणूस नरकाची चित्रं काढत होता आणि बायबल सोडून कुठेही गेला नव्हता.

(आपल्याकडचे काही वाचक इथे विरोधभक्ती आठवतात: जय-विजय, हिरण्यकशिपू, रावण. द्वेषाने का होईना, अखंड स्मरण. कल्पना सुंदर आहे, पण ब्लेकला तिची टोपी बसत नाही. विरोधभक्तीत देव भक्कम असतो आणि वैऱ्याचा प्रवास चाललेला असतो. इथे कवीच्या हातून देवच पातळ झालाय.)

मग शेरा उलटा कधी झाला? शेलीच्या पिढीत. ‘डिफेन्स ऑफ पोएट्री’ त्याने १८२१ मध्ये लिहिलं, छापलं गेलं १८४० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. मिल्टनचा सैतान नैतिकदृष्ट्या त्याच्या देवापेक्षा वरचढ आहे, हे ठाम विधान तिथलं आहे. आपण ब्लेकच्या नावावर जे खपवतो ते बहुतांशी शेलीचं. पण शेलीसुद्धा इतका सरळ नाही. १८२०च्या ‘प्रोमिथ्यूस अनबाउंड’च्या प्रस्तावनेत तो प्रोमिथ्यूस आणि सैतान यांची तुलना करतो आणि प्रोमिथ्यूसला वर ठेवतो, कारण सैतानात महत्त्वाकांक्षा, मत्सर आणि सूड आहे. पुढच्याच वर्षी कवी सदीने बायरन आणि मंडळींना ‘सैतानी संप्रदाय’ म्हणून हिणवलं. शिवी म्हणून दिलेलं नाव बायरनच्या चाहत्यांनी कौतुकाने मिरवलं, आणि तेव्हापासून काळोख आणि बंडखोरी यांची जी गाठ बसली ती सुटलेली नाही. काळे कपडे, काळं पुस्तक, देव नको.

विसाव्या शतकातल्या भांडणात फार रमण्यात अर्थ नाही. सी. एस. लुईसने १९४२ मध्ये म्हटलं, आपल्याहून वाईट माणूस रंगवायला फक्त आपल्यातला वाईटपणा मोकळा सोडावा लागतो, आपल्याहून चांगला रंगवायला जे लागतं ते आपल्यापाशी नसतं. हे खरं आहे, आणि ब्लेकच्या फार जवळचं आहे, जरी लुईसला ते मान्य झालं नसतं. एम्प्सनने १९६१ मध्ये उलट टोक धरलं: मिल्टनचा देव वाईटच आहे आणि काव्य थोर आहे ते म्हणूनच. स्टॅन्ली फिशने १९६७ मध्ये तोडगा काढला, की वाचकाला सैतानाची भुरळ पडावी आणि मग स्वतःची लाज वाटावी, हीच मिल्टनची योजना. फारच चतुर. मला ते शिक्षकाने वर्गात टाकलेल्या फसव्या प्रश्नासारखं वाटतं, आणि देवाची भाषणं सपाट का, या प्रश्नाला त्यात उत्तर नाही.

फिलिप पुलमन मात्र थांबून बघण्यासारखा, कारण आपण सैतानाच्या पक्षाचे आहोत आणि ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे, असं तो उघड म्हणतो. ‘हिज डार्क मटेरिअल्स’ ही त्याची कादंबरीमालिका १९९५ ते २००० या काळात तीन भागांत आली. शीर्षक मिल्टनकडून, ऋणनिर्देशात ब्लेकचं नाव, आणि पुलमन ब्लेक सोसायटीचा अध्यक्षही राहिलेला. २००७ साली पहिल्या भागावर चित्रपट आला तेव्हा अमेरिकेत कॅथलिक लीगने बहिष्काराची हाक दिली. त्याउलट त्याआधी तीन वर्षं, लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये याच कादंबऱ्यांवरचं नाटक चालू असताना, कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी ते पाहिलं, त्याची वाखाणणी केली, पुलमनबरोबर मंचावर बसून जाहीर गप्पा मारल्या आणि शाळेतल्या धर्मशिक्षणात या पुस्तकांवर चर्चा व्हावी असं सुचवलं. लोकांना वाटलं, आर्चबिशप उदारपणा दाखवताहेत. मला वाटतं, ते फक्त नीट वाचत होते. या कथेत मरतो तो देव कोणता? ‘अथॉरिटी’ म्हणवणारा पहिला देवदूत, ज्याने नंतरच्यांना सांगितलं की तुम्हाला मीच निर्माण केलं. स्फटिकाच्या पेटीत कोंडलेला, भयचकित, जर्जर म्हातारा. मुलं पेटी उघडतात, तो कृतज्ञतेने त्यांच्याकडे बघतो आणि वाऱ्यावर विरून जातो. मिल्टनच्या तिसऱ्या सर्गातला देव पुढे पुढे पातळ होत गेला तर त्याचं असंच व्हायचं. असल्या देवाच्या मरणाने कोणत्याही शहाण्या आर्चबिशपाची झोप उडणार नाही. बहिष्कारवाल्यांना मात्र तो आपलाच देव वाटला, हे त्यांच्याबद्दल बरंच सांगून जातं.

आता देव कुठे आहे या प्रश्नाबद्दल, कारण ब्यूलमनवर श्रद्धाळूंचा खरा राग त्यावरच आहे. प्लेग, बलात्कार, चालती प्रेतं, आणि स्वर्गातून आवाज नाही. ही लेखकाची नास्तिकता, असं म्हणतात.

फ्रान्समध्ये कोलमारच्या उंटरलिंडन संग्रहालयात ग्रूनेवाल्डचं इझेनहाइम वेदिचित्र आहे, १५१२ ते १५१६च्या दरम्यानचं. ते अँटनी संताच्या नावाने चालणाऱ्या मठाच्या रुग्णालयासाठी केलेलं. तिथे यायचे ते ‘अँटनीच्या आगी’ने जळणारे रोगी. राय धान्यावरच्या बुरशीने होणारा हा रोग. हातापायात आग पेटल्यासारखी कळ, मग अवयव काळे पडून झडायचे. या माणसांपुढे ठेवलेला ख्रिस्त बघा: हिरवट कातडी, अंगभर काटे रुतलेले, भोवती व्रण, वाकड्या झालेल्या बोटांत कळ गोठलेली. फळ्या उघडत गेलं की आत अँटनी संताचा छळ दिसतो. राक्षसांनी त्याला खाली पाडलंय, केस धरून फरफटवताहेत, हाताचा चावा घेताहेत. डाव्या कोपऱ्यात फुगलेल्या पोटाचा, गळवांनी भरलेला एक जीव आहे. तो राक्षस की रोगी, सांगणं अवघड. आणि उजव्या कोपऱ्यात, अगदी तळाशी, रंगवलेला कागदाचा कपटा. त्यावर लॅटिनमध्ये अँटनीचा येशूला प्रश्न आहे, की माझ्या जखमा भरायला आधीच का आला नाहीस, होतास कुठे? वर, फार लांब, उजेडात देव बसलाय, अंगठ्याएवढा.

हे चर्चसाठी, वेदीवर लावायला, रुग्णांनी त्यापुढे प्रार्थना करावी म्हणून रंगवलेलं. देव कुठे होता हा प्रश्न त्यांच्या वेदीवर अक्षरांत लिहिलेला होता. त्या मठातल्या साधूंना तो अश्रद्धेचा वाटला नाही. त्यांना उत्तरही ठाऊक होतं, कारण चौथ्या शतकापासूनच्या अँटनीच्या चरित्रात ते आहे: मी इथेच होतो, तुझी झुंज बघत. ते उत्तर कोणाला पटेल, कोणाला क्रूर वाटेल. ग्रूनेवाल्डने चित्रात प्रश्न लिहिला, उत्तर लिहिलं नाही.

ब्यूलमन या घराण्याचा आहे, बायरनच्या नाही. १३४८चा फ्रान्स त्याने राक्षसांची हौस म्हणून निवडलेला नाही. त्या वर्षी देव गप्प आहे असं वाटलेली माणसं बंडखोर कवी नव्हती, रोज मास ऐकणारी गावकरी होती. पोपच्या राजवाड्यात सैतान दाखवला म्हणून चिडणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की आविन्योंचा खरा पोप सहावा क्लेमेंट त्या प्लेगमध्ये बरा वागला. ज्यूंनी विहिरी नासवल्या या अफवेविरुद्ध त्याने १३४८ मध्येच फर्मानं काढली, त्यात ज्यूही याच रोगाने मरताहेत हे साधं सत्य नोंदवलं. वैद्याच्या सल्ल्याने तो दोन पेटत्या आगट्यांच्या मध्ये बसून राहिला, असं सांगतात. शीर्षक वाचताना ते आठवतं. सैतान घुसतो ते अशाच जागी जिथे काही चांगलं उरलेलं आहे, हा कादंबरीचा हिशेब आहे. तो विटंबनेचा नाही, जुन्या धर्मकथांचाच आहे.

ब्लेकची कसोटी लावायची तर सैतान किती भयंकर हे मोजून उपयोग नाही. ते ब्यूलमनला सहज जमतं, आणि लुईस म्हणतो तसं ते कोणालाही जमतं. चांगुलपणा लिहिताना त्याचे हात बांधले गेले का, हे बघायला हवं. मुलीच्या बाबतीत नाही. ती हट्टी आहे, घाबरते, टॉमसच्या शिव्यांना टोकते, आणि दरोडेखोरांकडे बापासाठी खड्डा मागण्याइतकी भोळी किंवा धीट आहे. त्यातलं काय, हे पहिल्या प्रकरणात कळत नाही आणि तेच बरं आहे. पाद्रीही जिवंत आहे, त्याच्या दारूसकट. ओशाळणारे ते तिसरे वाचक रडले ते या दोघांसाठी, आणि त्यात ओशाळण्यासारखं काही नव्हतं. पण देवदूत प्रत्यक्ष लढायला उतरतात तेव्हा गद्य एकदम सोवळं नेसतं. पंख, तेज, तलवारी, घनगंभीर वाक्यं; एका देवदूताला दुसऱ्यापासून ओळखायचं तर नावावरूनच. खाली प्रत्येक सैतानाला स्वतःची तऱ्हा आहे, खोडी आहे, विनोदसुद्धा आहे. म्हणजे मिल्टनच्या तिसऱ्या सर्गातला दोष साडेतीनशे वर्षांनी पुन्हा त्याच जागी उगवलाय, आणि कारणही तेच दिसतं: तिथे लेखक चुकायला घाबरलाय. या पुस्तकावर इतकं भांडण होतं, पण हार घालणारे ती पानं उलटून पुढे जातात आणि जोडे हाणणारे तिथवर पोचतच नाहीत.